दूधगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे

कागल सोडून निपाणीकडे निघालेली गाडी दूधगंगेच्या पुलावर आली की राज्य बदलते. पाट्यांवरची लिपी बदलते, पुढे कोगनोळीचा टोलनाका लागतो. माती बदलत नाही. ऊस, तंबाखू, सोयाबीन, भुईमूग दोन्ही तीरांवर सारखाच. भांगलणीला वाकलेल्या बायांची बोलीही तीच. रोजगार हमीच्या कामावरची मजुरी मात्र या पुलावर बदलते. २०२५-२६ या वर्षासाठी ती महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये ठरली होती आणि कर्नाटकात ३७०. कायदा एकच, केंद्राचा. खोदाईही तीच. तरी दिवसाकाठी ५८ रुपयांचा फरक.

आज हा फरक निपाणीच्या बाजूने झुकलेला आहे. एके काळी याच रेषेने याहून फार मोठा फरक केला होता, आणि तो उलट्या दिशेने. २६ जानेवारी १९७९ रोजी महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा अमलात आला. त्या दिवसापासून कागल तालुक्यातल्या खेड्यातल्या कोणत्याही प्रौढ माणसाला सरकारकडे अंगमेहनतीचे काम मागण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. निपाणीच्या आसपासच्या खेड्यांना तसा हक्क मिळायला २००७ साल उजाडले. मध्ये अठ्ठावीस वर्षे गेली. त्या काळात जन्मलेली मुले मोठी होऊन स्वतः मजुरीला लागली होती.

सीमाप्रश्नावर सात दशकांत पुष्कळ लिहिले गेले. पाट्या, शाळा, सातबारा, आयोग, सर्वोच्च न्यायालयातला दावा या सगळ्यांवर रकानेच्या रकाने भरले. या रेषेने गरिबाच्या हक्काचे काय केले, हा हिशेब मात्र फारसा कोणी मांडला नाही. तो मांडायचा तर मागे जावे लागते. कारण संकटात गरिबाला जगवणे ही सरकारची बांधिलकी आहे, हा विचार नियमांत आणि मग कायद्यात उतरायला या मुलखात शंभरहून अधिक वर्षे लागली.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मराठी घरांत सांगावी लागत नाही. बिदरच्या बादशहाची कोठारे त्यांनी भुकेल्यांसाठी उघडली आणि विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बादशहाचे देणे भागवले. कथेतली करुणा खरी आहे. पण कोठार उघडायचे की कुलूपबंद ठेवायचे, हे एका माणसाच्या मनावर अवलंबून होते. त्याने ते उघडले नसते तर भुकेल्या माणसाने दाद कुठे मागायची, याला त्या काळच्या राज्यव्यवस्थेत जागा नव्हती. पुढच्या काळातही संस्थानिक, सावकार, मठ आणि देवस्थाने यांच्या अन्नछत्रांनी हजारो जीव वाचवले, पण तिथेही देणाऱ्याची इच्छा हाच नियम होता.

इंग्लंडात हा नियम १६०१ साली बदलला. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर आपल्या हद्दीतल्या गरिबांची सोय लावण्याची जबाबदारी टाकली आणि त्यासाठी तिथल्या मिळकतदारांवर पट्टी बसवली. १८३४ साली त्याच देशाने हा कायदा कडक केला. मदत हवी असेल तर वर्कहाऊसमध्ये राहायला या, आणि तिथले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराच्या जिण्यापेक्षाही कष्टाचे असेल, असे धोरण ठरले. मदत सुखाची झाली की माणूस आळशी बनतो, ही त्यामागची धारणा. इंग्रज राज्यकर्त्यांनी हिंदुस्थानात येताना ही धारणा बरोबर आणली. गरिबाला पोसण्याचा कायदा मात्र तिकडेच ठेवला.

त्याची किंमत किती होती, ते शके १७९८ मध्ये कळले. धाता संवत्सर होते. १८७६ सालचा पाऊस दख्खनवर रुसला आणि पुढचे ईश्वर संवत्सरही टंचाईत गेले. कन्नड मुलखात या दोन संवत्सरांची नावे दुष्काळालाच चिकटली. ‘धातु-ईश्वर बर’ म्हणून लोक त्याची आठवण काढत. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. १८७२ च्या शिरगणतीत जिल्ह्याची लोकसंख्या ९ लाख ३८ हजार होती. १८८१ मध्ये ती ८ लाख ६४ हजार भरली. नऊ वर्षांत वाढ व्हायची तिथे जवळपास ७५ हजार माणसे कमी झाली. त्यांतली काही गाव सोडून परागंदा झाली असतील. पण एका जिल्ह्याच्या बारा माणसांतले एक नाहीसे व्हावे, हा आकडा वाचताना आजही हात थांबतो.

त्या दुष्काळात सरकारने कामे काढली नाहीत असे नाही. रस्ते, तलाव, खडी फोडणे अशी कामे निघाली. पण व्हाइसरॉय लिटन यांनी दुष्काळी भागाची पाहणी करायला पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचे नवे प्रमाण ठरवले. पुरुषाला रोज एक पौंड धान्य आणि वर थोडीशी रोख रक्कम. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. दिवसभर खडी फोडणाऱ्याला एवढ्यावर राहायचे होते. काम गावाजवळ मिळाले तर नसती गर्दी होईल, म्हणून मजुराने घर सोडून दहा मैलांवरच्या छावणीत जावे, अशीही अट होती. खरोखर उपाशी असलेलाच तिथवर येईल, असा हिशेब. उपासाने पाय न उचलणाऱ्यांचे काय, हा प्रश्न त्या हिशेबात बसत नव्हता. याच टेंपल यांनी १८७३-७४ मध्ये बिहारच्या टंचाईत ब्रह्मदेशातून तांदूळ आणून फार थोडे बळी जाऊ दिले होते, आणि त्याबद्दल उधळपट्टी केली म्हणून त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. माणसे वाचवल्याबद्दल शाबासकीऐवजी ठपका मिळाला आणि पुढच्या दुष्काळात त्याच अधिकाऱ्याने हात आखडला. मद्रास इलाख्याचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी या शिध्यावर कष्टाचे शरीर टिकणार नाही, असे सरकारला बजावले होते.

मग जे घडले ते मराठी मुलखाने अभिमानाने सांगावे असे आहे. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्याच्या दख्खनी जिल्ह्यांतल्या एक लाखाहून अधिक मजुरांनी दुष्काळी कामांवर जाणे सोडले. पोटात अन्न नसताना केलेला संप होता तो. दगडफेक नाही, लूट नाही. या मजुरीवर काम करणार नाही, एवढेच म्हणणे. पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना महाराष्ट्र सार्वजनिक काका म्हणून ओळखतो, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाची वृत्ते गोळा केली आणि सरकारपुढे अर्जावर अर्ज ठेवले. त्याच सुमारास सत्यशोधक समाजाची माणसे अन्नछत्रे चालवत होती, आणि सावित्रीबाई फुले जुन्नरकडच्या ओतूरहून जोतीरावांना दुष्काळाची हकिकत कळवत होत्या. उपाशी माणसाला एका हाताने भाकरी आणि दुसऱ्या हाताने अर्ज लिहायला कागद, ही रीत इथे तेव्हाच पडली.

या दुष्काळाने हिंदुस्थानात पन्नास लाखांहून अधिक माणसे नेली, असा अंदाज आहे. त्यानंतर सरकारने सर रिचर्ड स्ट्रॅची यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १८८० मध्ये त्याचा अहवाल आला, १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा नमुना तयार झाला आणि त्यावरून प्रांतोप्रांतीच्या संहिता निघाल्या. धान्याचे भाव चढू लागले, माणसे गाव सोडून भटकू लागली, की कलेक्टरने आधी चाचणीची कामे काढायची. त्यावर गर्दी झाली तर दुष्काळ जाहीर करून मोठी कामे सुरू करायची. म्हातारे, अपंग, लेकुरवाळ्या यांची गावातच यादी करायची आणि त्यांना घरबसल्या शिधा द्यायचा. सारा तहकूब करायचा, तगाई वाटायची. तगाईचे तर १८८३ आणि १८८४ साली दोन स्वतंत्र कायदेच झाले. आजच्या टंचाई आराखड्यांचे वळण पाहिले तर ते याच संहितांवरून आलेले दिसते.

पण त्या आयोगाने एक गोष्ट टाळली, आणि ती नकळत टाळलेली नाही. दुष्काळात गरिबाला मदत मागण्याचा हक्क आहे असे एकदा मान्य केले, तर उद्या तो दुष्काळ नसतानाही हक्क सांगेल, अशी चिंता अहवालात मांडलेली आहे. म्हणून संहिता ही सरकारने आपल्या अधिकाऱ्यांना दिलेली सूचना राहिली. कलेक्टरने ती पाळली नाही तर वरचा साहेब त्याला विचारील. बेळगावच्या शेतमजुराला कोर्टाची पायरी चढता येणार नव्हती.

ही फट लोकमान्य टिळकांनी अचूक हेरली. १८९६ मध्ये पाऊस पुन्हा फिरला. टिळकांनी ‘केसरी’तून आणि सार्वजनिक सभेच्या माणसांकरवी दुष्काळ संहिता मराठीत लोकांपुढे ठेवली. सरकारने स्वतःच कबूल केलेल्या या गोष्टी आहेत, त्या मागायला घाबरू नका, काम मागा, तहकुबी मागा, असे खेडोपाडी सांगितले गेले. इंग्रजीत असलेला नियम मराठीत आला आणि त्याचा स्वभावच बदलला. अधिकाऱ्यासाठी लिहिलेली सूचना शेतकऱ्याच्या हातातली मागणी झाली. सरकारला ते इतके झोंबले की १८९७ मध्ये सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेण्यात आली. नियम मोडल्याचा आरोप सभेवर करता येत नव्हता. तिने नियम लोकांना वाचून दाखवला होता.

त्याच दुष्काळात कोल्हापूरच्या गादीवर तरुण शाहू महाराज होते. कारभार हाती घेऊन दोनच वर्षे झाली होती. आज बेळगाव जिल्ह्यात असलेले रायबाग आणि रामदुर्ग तालुक्यातले कटकोळ हे तेव्हा कोल्हापूर संस्थानचे मुलूख होते. महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने काढली, दुष्काळी कामे सुरू केली आणि त्या कामांवर येणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांसाठी शिशुगृहे उघडली. आई खडी फोडत असताना मूल उन्हात पडू नये, एवढा बारीक विचार ब्रिटिश संहितेच्या पानांपलीकडे जाऊन एका संस्थानिकाने केला. पुढे २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असली की त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी, अशी तरतूद आली. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजाने ती सव्वाशे वर्षांपूर्वी करून दाखवली होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेने बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्या दिवशी मुंबई राज्याचे जे कायदे बेळगावला लागू होते, ते तसेच चालू राहिले. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा हे त्याचे उदाहरण. वकिलांना हे ठाऊक असते. ज्याचा विचार फार कोणी केला नाही ते असे, की त्या दिवसानंतर मुंबईत आणि पुढे महाराष्ट्रात गरिबासाठी जे घडणार होते, त्यातून निपाणी, बेळगाव, खानापूर, अथणी वगळले गेले.

आणि घडले ते मोठेच होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, एक प्रयोग केला. काम मागेल त्याला काम, आणि त्या कामातून गावाच्या शेतीला उपयोगी पडेल असे काही उभे राहावे, ही त्याची साधी मांडणी होती. सांगली जिल्ह्याची हद्द अथणीला लागून आहे. मग १९७२ चा दुष्काळ आला. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, आणि कामावर मिळणारी सुकडी. त्या पिढीच्या बायाबापड्यांच्या हातांवर खडीचे घट्टे अजून आहेत. एवढ्या भीषण अवर्षणातही उपासमारीने १८७६ सारखा संहार झाला नाही. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन यांनी जगापुढे हे उदाहरण ठेवले, ते उगीच नाही.

त्या अनुभवातून १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी कायदा झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम. न दिल्यास बेकारी भत्ता. भत्ता दिवसाला किमान एक रुपया, म्हणजे फारच थोडा. तरीही स्ट्रॅची आयोगाने ज्या गोष्टीची धास्ती घेतली होती, ती महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जाणूनबुजून केली. दुष्काळ असो वा नसो, गरिबाने हक्क सांगावा असे लिहून दिले. त्याचा पैसा शहरांतल्या नोकरदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून आला, आणि तेवढीच रक्कम राज्याने घातली. मुंबईतल्या गिरणीतल्या कारकुनाने माणदेशातल्या मजुराचा वाटा उचलला. महाराष्ट्राने देशाला दिलेल्या कायद्यांत याची जागा पहिल्या रांगेत आहे.

या कायद्याला निपाणी मुकली. इथे कोणी म्हणेल, कागलसारख्या पाणीदार तालुक्यात हमीची कामे माण किंवा आटपाडीइतकी कुठे निघत होती? ते खरे आहे. पण हमीचा उपयोग कामावर गेलेल्यालाच होतो असे नाही. सरकारी काम मागता येते हे ठाऊक असलेली बाई जमीनमालकाने मजुरी पाडून सांगितली तर नकारार्थी मान हलवू शकते. दुसरा दरवाजा उघडा असण्याचा तो फायदा. निपाणीच्या बाईला तो दरवाजा नव्हता.

तिच्यासाठी होती तंबाखूची वखार. निपाणीची जर्दा तंबाखू देशभरात गेली, आणि ती चाळणाऱ्या, निवडणाऱ्या हजारो बाया गर्द्यात खोकत राहिल्या. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ चा कायदा होता, विडी कामगारांच्या कल्याण निधीसाठी १९७६ चा कायदा होता. वखारीच्या दारात हे कायदे आपोआप आले नाहीत. बाया संघटित झाल्या, सुभाष जोशी यांच्या पुढाकाराने चिकोडी तालुका कामगार महासंघ उभा राहिला, संप झाले, मोर्चे निघाले, तेव्हा मजुरी आणि वागणूक बदलू लागली. ‘युगांतर’ या बायकांच्या चित्रपट गटाने १९८२ मध्ये याच लढ्यावर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला. निपाणीच्या नव्या पिढीने तो पाहिला पाहिजे. आपल्या आज्या कॅमेऱ्याकडे डोळे रोखून मालकाविषयी काय बोलत होत्या, ते त्यात दिसते. विडीवरचा तो कल्याण उपकर २०१७ मध्ये जीएसटीबरोबर रद्द झाला आणि या बायांच्या नावाने गोळा होणारा हक्काचा निधी गेला, हेही इथेच सांगितले पाहिजे.

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. महाराष्ट्राच्या अनुभवावर तो उभा होता. २००७ मध्ये दुसऱ्या टप्प्यात बेळगाव जिल्हा त्यात आला. सीमाभागातले मराठी मजूरही त्याला कन्नड नावानेच ओळखतात, ‘उद्योग खात्री’. दर कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस काम. पाच किलोमीटरच्या आत काम, लांब गेल्यास दहा टक्के जादा मजुरी. टेंपल यांच्या दहा मैलांच्या छावणीपासून या पाच किलोमीटरपर्यंत यायला हिंदुस्थानला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. खानापूर तालुक्यात जागृत महिला ओक्कूटसारख्या बायकांच्या संघटनेने पंचायतीच्या दारात बसून काम मागायची सवय लावली. पंचायत विकास अधिकाऱ्याने (पीडीओ) अर्जाची पोच दिलीच पाहिजे, कारण पोचेवरच्या तारखेपासून पंधरा दिवस मोजायचे असतात, हे त्या बायांना पाठ झाले. टिळकांच्या माणसांनी १८९६ मध्ये जे केले, तेच काम आहे हे.

आता तो कायदाही बदलला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी विकसित भारत रोजगार व आजीविका हमीचा नवा कायदा मंजूर केला. दिवस शंभराचे सव्वाशे झाले, आणि ते स्वागतार्ह आहे. पण जुन्या कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्र उचलत होते. आता बहुतेक राज्यांना चाळीस टक्के भार घ्यायचा आहे. कोणत्या राज्याला किती रक्कम, हे केंद्र आधी ठरवणार आणि त्यापलीकडचा खर्च राज्याच्या माथी. पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातले साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवता येणार. हमीचा अर्थ असा, की मागणी वाढली की पैसा वाढतो. आधी पैसा ठरला आणि मग काम द्यायचे असले, तर ती पुन्हा संहितेच्या काळातली सोय होते. शिवाय हंगामात कामे बंद ठेवल्याने मजूर शेतावर मिळतील हे खरे, पण ज्या दिवसांत बाईला मजुरीची घासाघीस करता येते, नेमका तोच काळ तिच्या हातून जातो. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या खासदारांनी हे प्रश्न संसदेत लावून धरले पाहिजेत.

सरकारे पैसे देत नाहीत असे म्हणता येणार नाही. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून गृहलक्ष्मीचे दोन हजार येतात, महाराष्ट्रात २०२४ पासून लाडक्या बहिणीचे दीड हजार. गरीब घरात या पैशाने औषध येते, मुलीची फी भरली जाते. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ८६५ सीमावर्ती गावांतल्या लोकांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा कर्नाटकने आक्षेप घेतला. बेळगावच्या आजारी माणसाच्या इस्पितळाच्या बिलावर दोन राज्यांचा मान-अपमान ठरावा, हे दुःखद आहे. पण या सगळ्या योजना आहेत. मंत्रिमंडळाचा निर्णय आणि सरकारी आदेश यांवर त्या चालतात, निकष बदलले की नावे गळतात, आणि गळलेल्या नावाला कोर्टात जायला आधार तोकडा पडतो. कायद्याने दिलेला हक्क आणि आदेशाने दिलेला लाभ यांतला हा फरक सीमाभागाने अठ्ठावीस वर्षे अंगावर काढला आहे. म्हणून योजना वाढल्या तरी कायद्याची जागा त्यांना देऊ नये.

राहिला भाषेचा मुद्दा. संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक माणसाला आपली तक्रार केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी १९५६ मध्ये केंद्राने मान्य केलेल्या संरक्षणांत, जिथे अशी लोकसंख्या पंधरा टक्के किंवा जास्त असेल तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात, असे आहे. मराठी कागदपत्रांची मागणी सीमाभागात जुनी आहे. ती बहुधा सातबारा आणि निवडणुकीच्या फलकांभोवती फिरते. तिच्यात कामाच्या अर्जाचा नमुना पहिल्या क्रमांकावर यायला हवा. जॉब कार्ड, हजेरी पट, बेकारी भत्त्याचा अर्ज, मजुरी उशिरा मिळाली तर भरपाई मागण्याचा अर्ज हे सगळे निपाणी, चिकोडी, खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतल्या पंचायतींत कन्नडबरोबर मराठीतही भिंतीवर लागलेले हवे. हीच गोष्ट महाराष्ट्राने जत आणि अक्कलकोट तालुक्यांतल्या कन्नड मजुरासाठी केली पाहिजे. तिकडच्या कन्नड बाईला मराठी नमुना वाचता येत नसेल, तर तिची अडचण निपाणीच्या मराठी बाईच्या अडचणीहून वेगळी नाही. मराठी संघटनांनी स्वतः पुढाकार घेऊन जतसाठी ही मागणी केली, तर बेळगावसाठीच्या मागणीलाही वजन येईल.

नवा कायदा अमलात आणायला राज्यांना आपापली योजना तयार करावी लागणार आहे. म्हणजे नमुने नव्याने छापले जातील, फलक नव्याने रंगतील. दोन भाषांत ते करायला लागणारा जादा खर्च फलकाच्या रंगाइतका आहे. ग्रामसभेत असा ठराव मांडण्याचा अधिकार गावातल्या प्रत्येक मतदाराला आहे, आणि त्यासाठी बेळगाव किंवा बेंगळुरूला जावे लागत नाही. सीमाभागातल्या वाचकांनी आपल्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत तो मांडावा, आणि ठरावाची प्रत मागून घ्यावी.